डावी बाही

दुसऱ्यांच्या ट्रंका उघडायच्या, आतले जुने कपडे उलटे करून बघायचे, बगलेचे डाग मोजायचे आणि मग त्यावर निबंध वाचायचे, या कामाचा मला तीस वर्षं पगार मिळाला. शेजारणीने हेच केलं असतं तर तिला आपण चोंबडी म्हटलं असतं. मला लोक प्राध्यापक म्हणत.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी वस्त्रशास्त्र शिकवायची. पीएचडीला विषय घेतला, 'वऱ्हाडातील लोकनाट्यांची वेशभूषा: इतिहास आणि कारागिरी'. सासूबाईंनी विचारलं, "म्हंजे काय व?" मी दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे सोंगाचे कपडे. मंग तसं सांग ना." प्रबंधाचं इतकं नेमकं सार माझ्या मार्गदर्शकांनाही कधी जमलं नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे गावोगाव दंडार होई. दंडार म्हणजे गावातल्याच माणसांनी गावातल्याच चौकात केलेलं नाचगाण्याचं नाटक. दिवसा वखर हाकणारा माणूस अंधार पडला की राजा होई, आणि ज्याला मिशी उशिरा फुटली तो राणी. नाटकातली बायकांची सगळी कामं पुरुषांकडे. बायकांनी मात्र घरात बसायचं, कारण घरंदाज बाईने दंडार बघू नये, असं तीच दंडार रोज पुढच्या रांगेत बसून बघणाऱ्या सगळ्या घरंदाज पुरुषांचं मत होतं.

या नाटकाचा कपडा घरच्या कपड्यासारखा शिवत नाहीत. तो लांबून दिसायचा असतो, म्हणून जरीकाम खोटं चालतं पण रंग भडक लागतो. तो एकाच माणसाच्या मापाचा करून भागत नाही, कारण यंदाची राणी पुढच्या वर्षी लग्न ठरल्यामुळे मिशी ठेवते आणि नवी राणी अंगाने दुप्पट निघते. म्हणून पाठीला बटणांऐवजी नाड्या, आणि शिवणीत भरपूर माया, म्हणजे पुढे उसवून वाढवता येईल असं आत दुमडून ठेवलेलं कापड. बगलेत कापडाची एक चौकोनी कळी घालतात, नाही तर राणीने आशीर्वादाला हात वर केला की ट्रर्र आवाज येतो आणि राज्य जातं.

असा कपडा हातात आला की पहिल्यांदा तो उलटा करायचा. वरची बाजू गावाला दाखवायला असते. आत बघितलं की कळतं, कितीदा उसवला, कोण किती जाड होतं, दोरा कुठला, टाके उजव्या हाताचे की डाव्या. हे मी विद्यार्थिनींना वर्षानुवर्षं शिकवलं. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे माझी कीव करायला सोपं जाईल.

डॉक्टरेट मिळाल्यावर मी 'तज्ज्ञ' झाले, म्हणजे लोक मला फुकट फोन करायला लागले. अकोल्याच्या एका गृहस्थांना मुलीच्या संगीताला सगळी मंडळी 'ऐतिहासिक' वेशात हवी होती. कोणत्या काळातली, असं मी विचारलं. ते म्हणाले, "काळ कोणताही चालेल मॅडम, फक्त आमच्या व्याह्यांपेक्षा जुना पाहिजे."

एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना स्नेहसंमेलनासाठी अस्सल आदिवासी वेश हवा होता. मी नुकतीच सेमाडोह या आदिवासी गावी जाऊन आले होते. म्हटलं, तिथली मुलं जीन्स आणि टीशर्ट घालतात, आणि त्यांच्या आज्यांची लुगडी तुमच्या-माझ्या साड्यांपेक्षा नीट नेसलेली असतात. बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "ते खरं असेल हो, पण पालकांना अस्सल वाटणार नाही." संमेलनात मुलं आंब्याची पानं गुंडाळून नाचली. मी पहिल्या रांगेत बसून हसले. आपण वेगळ्या आहोत असं तेव्हा मला वाटत होतं.

आता मुख्य गोष्ट.

बाराएक वर्षांपूर्वी मी मूर्तिजापूरजवळच्या एका गावात गेले. फाट्यावर उतरून, शेवंतीच्या वावरांमधून चालत. तिथल्या दंडारीत राणी कोण होतं असं पारावर विचारलं, तर चारही जणांनी एकाच घराकडे बोट दाखवलं. घरमालक सुखदेवभाऊ, साठीचे, पांढऱ्या मिशा, मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा. माळी माणूस. फुलांचा धंदा.

"कोनी पाठवलं तुमाले?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, राणी कोण होतं असं विचारलं, सगळ्यांनी हेच घर दाखवलं.

"अजून राणीच म्हनते लेकाचे," सुखदेवभाऊ म्हणाले. "शेवंती लावली, सरपंचकी लढलो, नातवंडं झाले. तरी राणीच."

त्यांनी ट्रंक काढली. आत एकाच गोष्टीकडे माझं लक्ष गेलं. जांभळ्या मखमलीचा झंपर. आताच्या मुलींना सांगायचं तर ब्लाउज, पण जरा लांब आणि ढगळ. गळ्याला खोट्या जरीचा पट्टा, छातीवर टिकल्या, पाठीला नाड्या. मी तो बाळासारखा अलगद उचलला. असं संशोधकच उचलतात, घरच्यांनी तोवर अशा कपड्याचं पायपुसणं केलेलं असतं.

आणि त्याच्या बाह्या सारख्या नव्हत्या. उजवी कोपराशी संपत होती. डावी थेट मनगटापर्यंत, वीतभर लांब. मी झंपर उलटा केला. नंतर जोडलेलं दिसत होतं, पण हात सफाईदार. टाके मात्र उलट्या बाजूला झुकलेले, आपल्या नेहमीच्या टाक्यांच्या विरुद्ध.

"हे कुणी शिवलं?" मी विचारलं.

"घरीच शिवलं."

मी वहीत लिहिलं: स्थानिक. कारागीर अज्ञात.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी कौसल्याबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवला आणि दारातच उभ्या राहिल्या, झंपराकडे बघत. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं असावं. मी फोटो काढत होते. मी म्हटलं, "काकू, जरा उजेड सोडता का?"

त्या बाजूला झाल्या.

बाही लांब का, हे मी विचारलं नाही. आमच्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की माहिती देणाऱ्याला उत्तर सुचवणारा प्रश्न विचारू नये. मी शिस्तीची. मी प्रश्नच विचारला नाही. झंपराची सतरा मापं घेतली आणि म्हटलं, "भाऊ, पंधरा दिवसांसाठी नेऊ का? आणून देते." ते म्हणाले, न्या. मी नेला आणि विभागातल्या काचेच्या कपाटात ठेवला. खाली पाटी लावली: 'राणीचे वस्त्र. कारागीर अज्ञात.'

मग मी विचार केला. हा विचार करण्यात माझे सहा महिने गेले. डावी बाजू म्हणजे वामांग, वामांग म्हणजे शक्ती. राणी डावा हात झाकते, म्हणजे शक्ती झाकलेली आहे, राजाच्या उजव्या सत्तेपुढे दडवलेली आहे. उलटे टाके म्हणजे वामगती, तीसुद्धा मुद्दाम. जांभळी मखमल म्हणजे राजवस्त्राची आठवण. अकोल्याच्या चर्चासत्रात मी हे वाचलं तेव्हा सभागृहात शांतता पसरली. मला वाटलं विचारात पडलेत. एका विद्वानांनी उठून ती बाही पार आठशे वर्षांपूर्वीच्या रिद्धपूरच्या मठांपर्यंत नेऊन पोचवली. मी त्यांना अडवलं नाही. उलट पुस्तकात त्यांची तळटीप दिली.

पुस्तक निघालं, आणि मग ते झालं ज्याची कोणत्याही लेखकाने देवाकडे प्रार्थना करू नये. लोकांनी ते वाचलं.

कॉलेजच्या मुलामुलींसाठी एक लोककला महोत्सव भरतो. त्यात दंडार सादर होते, फरक इतकाच की आता राणी आणि तिच्या सख्या मुलीच असतात. आयोजकांनी नियमावलीत घातलं: 'वेशभूषा प्रमाणित ग्रंथाप्रमाणे असावी. अस्सलतेला दहा गुण.' प्रमाणित ग्रंथ एकच होता. माझा. दोन वर्षांत दंडारीतल्या सगळ्या पोरी एक बाही आखूड आणि एक लांब घालून नाचू लागल्या. अमरावतीत नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या एका दुकानात मी स्वतः पाटी वाचली, 'अस्सल डावी बाही मिळेल'. दुकानदाराने मला ओळखून अर्धा कप चहा पाजला. एका स्पर्धेत तर निवेदिकेने सांगितलं की ही पाचशे वर्षांची परंपरा आहे. मी टाळ्या वाजवल्या. परंपरेचं वय तेव्हा चार वर्षं होतं.

खरं सांगते, मला अभिमान वाटायचा. एक बाई एकटी जाऊन ट्रंक उघडते आणि सगळा जिल्हा त्याप्रमाणे कपडे घालतो, हे किती जणींच्या वाट्याला येतं?

निवृत्त झाले त्याच वर्षी मला महोत्सवाला परीक्षक म्हणून बोलावलं. तिघे परीक्षक: नाट्यशास्त्राचे एक सर, सांस्कृतिक खात्यातले एक निवृत्त अधिकारी, आणि मी, म्हणजे खुद्द ग्रंथ. पहिला येणारा संघ मुंबईला राज्याच्या फेरीला जाणार होता.

मूर्तिजापूरकडच्या एका कॉलेजचा संघ आला. राणी झालेली मुलगी रेणू, लख्ख आवाजाची. तिने पहिली गवळण म्हटली आणि मागची चहाची टपरीसुद्धा गप्प झाली. बारा जणी नाचल्या, ढोलकी नेमकी, पाऊल नेमकं. पण सगळ्यांच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत. सारख्या.

मी अस्सलतेच्या रकान्यात दहापैकी दोन लिहिले. विचारही केला नाही. दुसऱ्या दोघांनी माझ्या कागदाकडे बघून तेच लिहिलं. तीन कागदांवर आठ-आठ गुण गेले आणि संघ दुसरा आला. पहिला आला तो संघ बेसूर होता, पण त्यांच्या डाव्या बाह्या मनगटाच्याही पुढे बोटांपर्यंत आल्या होत्या. अस्सलतेत कसर नको म्हणून.

निकालानंतर एक म्हातारा माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"वळखलं का म्याडम?"

मी ओळखलं. सुखदेवभाऊ. आणि त्यांच्या मागे राणीच्या वेशात, रंग अर्धा पुसलेली रेणू. त्यांची नात.

"मार्क काहून कापले पोट्टीचे?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरोखर समजून घ्यायचं होतं.

मी सांगू लागले. "भाऊ, तुमच्याच झंपराला डावी बाही लांब होती ना. ती परंपरा..."

 त्यांनी सदऱ्याच्या डाव्या बाहीचं बटण काढलं आणि ती वर सरकवली. मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, हिरव्या अक्षरांत, थोडं पसरट झालेलं गोंदण होतं: सुखदेव.

"सोळा वर्षाचा असतानी जत्रेत गोंदलं," ते म्हणाले. "लगन झालं तरी मिशी नवती, मंग राणी झालो. पहिल्याच दंडारीत हात वर केला तं लोक वरडले, राणीसायेब, हा सुखदेव कोन व? राजा बी हासला. सारी दंडार बसली. मंग हिनं बाही लांब करून देल्ली."

शक्ती, वामांग, राजवस्त्र, माझे सहा महिने, सगळं त्या चार हिरव्या अक्षरांत होतं. मी तरीही शेवटची काडी धरली. "मग दोन्ही बाह्या का नाही केल्या लांब?"

"कापड सरलं."

"आणि हिनं म्हणजे कुणी?"

"कौसल्येनं. दुसरं कोन शिवन? या बारा पोट्ट्याईचे झंपर बी तिनंच शिवले. पोट्ट्याईच्या हातावर झाकाले काय हाय, म्हनून सारख्या बाह्या ठेवल्या."

रेणू पुढे आली. ती शहरी मराठीत म्हणाली, "मॅडम, आम्ही तुमचं पुस्तक वाचलं होतं. आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे असं नाही. मला वाटलं, परीक्षक जाणकार असतील, त्यांना कळेल." मग आजोबांना म्हणाली, "चला आबा."

मला मान वर करवेना. तीस वर्षांत कुणी माझा इतका नीट पाणउतारा केला नव्हता, आणि तिने तो केलाही नव्हता. ती फक्त खरं बोलली होती.

मी परीक्षकांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, निकाल थांबवा, पुस्तकातलं चुकलंय.

नाट्यशास्त्राचे सर म्हणाले, "मॅडम, पान एकशे बारा बघा. किती सुंदर मांडणी केली आहे."

"ती मीच केली आहे. ती चुकीची आहे."

निवृत्त अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, ग्रंथ तुमचा असेल, पण नियम आमचा आहे. ग्रंथ लिहिला तेव्हा तुम्ही लेखिका होत्या. आज तुम्ही परीक्षक आहात. परीक्षकाला ग्रंथाविरुद्ध जाता येत नाही."

"मग नियम बदला."

"नियमावलीचा आढावा दर पाच वर्षांनी होतो. यंदाच झाला."

मी अर्ज दिला. तो आवक झाला. अजूनही तो तिथे आवकच आहे.

दुसरं काम होतं झंपर परत करायचं. पंधरा दिवसांच्या बोलीवर आणलेला, दहा वर्षं उलटून गेलेली. कॉलेजात गेले. माझ्या जागी आलेले विभागप्रमुख सर म्हणाले, "मॅडम, ही आता संस्थेची वारसावस्तू आहे. बाहेर देता येत नाही."

"ही वस्तू दुसऱ्यांची आहे."

"पाटीवर तर अज्ञात लिहिलंय."

ते लिहिणारी मीच. शेवटी त्यांनीच वाट काढली. 'अभ्यासासाठी तात्पुरती' नेता येईल, पंधरा दिवसांत परत करते असं लिहून द्यावं लागेल. मी आनंदाने लिहून दिलं. त्या मुदतीचा मला चांगला अनुभव आहे. या दिवाळीपर्यंत त्यांची तीन स्मरणपत्रं आली आहेत.

झंपर मलमलीत गुंडाळून मी गावी गेले. शेवंती तोडणीला आली होती, अंगणात बायका हार ओवत बसल्या होत्या. त्यांच्यात कौसल्याबाई. त्यांनी सुई डाव्या हातात धरली होती.

मी तिथेच उभी राहिले. टाके बघून हात ओळखायला मी पोरींना शिकवलं होतं. उलटे टाके मला पहिल्याच दिवशी दिसले होते. त्यावर मी वामगती नावाचं अख्खं प्रकरण लिहिलं, पण घरात कुणी डावखुरं आहे का, हे बघितलं नाही. ज्या हाताने मला चहा दिला तो हात कोणता होता, हेही नाही.

कौसल्याबाईंनी मलमलीतून झंपर काढला, उलटा केला आणि आतून बघितला. वरून नाही. मग म्हणाल्या, "कसर नाही लागू देल्ली. बरं केलं."

मी म्हटलं, "काकू, माझं चुकलं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"मी तवाच सांगनार होती," त्या म्हणाल्या. "तुमी म्हनल्या, उजेड सोडा."

अंगणातल्या बायकांनी ओवणं थांबवलं नाही, पण सगळ्यांचे कान इकडे होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वयाची साठी झाल्यावर असं पाणी फुकटचं वाटतं, तरी आलं.

त्यांनी ते बघितलं आणि विषय बदलला. मखमल कुठली, ते सांगू लागल्या. त्यांचा भाऊ मूर्तिजापुरात शिंपी होता, लग्नातल्या बँडवाल्यांचे गणवेश शिवायचा. जांभळे. उरलेला तुकडा त्याने बहिणीला दिला. माझी राजवस्त्राची आठवण ती हीच.

"पण लोक ओरडले, हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. या वेळी सगळं विचारायचं ठरवून आले होते. "बायकांना दंडार बघू देत नव्हते ना?"

कौसल्याबाई पहिल्यांदा हसल्या. "सासरा खाली चौकात, मी वरते घराच्या धाब्यावर. आडवी होऊन पाहो. लोक हासले तं हे रडकुंडीले आले, मले वरून दिसलं. दुसऱ्या दिवशी कोनाले न सांगता बाही जोडली. ह्याईले वाटलं, मायनं सांगतलं असन."

"आजवर सांगितलं नाही त्यांना?"

"इचारलं कोनी?"

त्या दिवशी मी चहा घेतला तेव्हा दोन्ही हातांनी घेतला.

पुस्तकाचे प्रकाशक नवी आवृत्ती काढायला तयार नव्हते. जुनी अजून खपते आहे, म्हणाले, तुमची डावी बाही चालते. म्हणून मी स्वतः ग्रंथालयांत जाऊन पान एकशे बारावर पेनने लिहिलं: 'बाही लांब, कारण नटाच्या हातावर त्याचं नाव गोंदलेलं होतं. शिवणाऱ्या: कौसल्याबाई. कापड: बँडच्या गणवेशाचं उरलेलं.' अकोल्याच्या एका ग्रंथपालांनी मला पकडलं. पुस्तकं खराब करणं हा गुन्हा आहे, असं त्यांनी सुनावलं. मी म्हटलं, पुस्तक मी आधीच खराब केलेलं आहे, आता दुरुस्त करते आहे. त्यांनी माझं सदस्यत्व रद्द केलं.

यंदा मला पुन्हा परीक्षक म्हणून बोलावलं. का ते कळलं नाही. बहुधा कुणाला माझा अर्ज वाचायला वेळ झाला नसावा. मी नकार देणार होते. पण त्याआधी रेणूचा फोन आला. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. राज्याच्या फेरीला जायची शेवटची संधी.

"मॅडम, यंदा आजीने डावी बाही लांब ठेवली आहे," ती म्हणाली.

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "रेणू, असं करू नका. चुकीचं आहे ते. मी भांडेन तिथे."

मागून कौसल्याबाईंचा आवाज आला. "म्याडमले सांग, भांडू नोका. भांडून नंबर येत नाही. पोट्टीले ममईले जाचं हाय."

म्हणजे माझी चूक त्या बाईने हातात घेऊन, नीट शिवून, अंगात घालायची ठरवली होती.  मी परीक्षक व्हायला होकार दिला, आणि मनातून लाज वाटत राहिली.

महोत्सवात गेल्या आढाव्यातला एक नियम यंदापासून लागू झाला आहे. सादरीकरणाआधी परीक्षक रंगपटात, म्हणजे नट तयार होतात त्या खोलीत, जाऊन वेशभूषा जवळून तपासतात. बारा मुली रांगेत उभ्या होत्या. जांभळे झंपर, उजवी बाही कोपरापर्यंत, डावी मनगटापर्यंत. नाट्यशास्त्राचे सर मान डोलावत होते. अधिकारी पुस्तकाच्या पान एकशे बाराची झेरॉक्स घेऊन जुळवत होते.

सवय जात नाही. मी पहिल्या मुलीची डावी बाही जरा उलटी केली, आतले टाके बघायला. टाके उलटे झुकलेले. डाव्या हाताचे. मग बाही आणखी वर सरकली आणि मला तिचा हात दिसला. मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, मेंदीने, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: कौसल्या.

मी दुसरीची बाही उलटली. कौसल्या. तिसरीची. कौसल्या. रांगेच्या शेवटी रेणू उभी होती, सरळ समोर बघत, राणीसारखी. तिची बाही मी उलटली नाही. गरज नव्हती.

मी बाह्या पुन्हा नीट खाली ओढून दिल्या.

"काय मॅडम," अधिकाऱ्यांनी झेरॉक्सवरून नजर उचलत विचारलं, "अस्सल आहे ना?"

"आहे," मी म्हटलं, आणि कागदावर दहापैकी दहा लिहिले. त्या दोघांनी माझ्या कागदाकडे बघून तेच लिहिलं.